इंकस्केप: आलेखाची रेघ छापेपर्यंत रेघच ठेवणारं सॉफ्टवेअर

संशोधनाचे आलेख असलेलं पोस्टर छापायचं असेल, तर इंकस्केप हे चित्रं काढण्याचं आणि दुरुस्त करण्याचं सॉफ्टवेअर शिकून घ्या. फुकट मिळतं हे त्याचं मोठेपण आहेच, पण माझ्या लेखी ते दुसऱ्या क्रमांकावर येतं. पायथन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषांमधून आलेख बाहेर पडल्यापासून मुंबईच्या फोर्टातल्या छपाईच्या मशिनमधून कागद सरकत बाहेर येईपर्यंत रेघ रेघच राहते, तिचे चौकोनी ठिपके होत नाहीत, आणि मधल्या वाटेवर त्या आलेखातलं एकेक अक्षर, एकेक टिंब उघडून दुरुस्त करता येतं. हे दोन्ही इतक्या सरळपणे करू देणारं दुसरं साधन मला मिळालेलं नाही.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते. काम ठाण्याच्या खाडीत. भरती-ओहोटीबरोबर पाण्याची क्षारता कशी हलते, पावसाळ्यात ती किती खाली येते, तिवरांच्या मुळांशी त्यामुळे काय घडतं, असा विषय. इथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून खाडीबद्दल विचारणारे लोक वाढलेत, त्यामुळे परिसंवादांतून पोस्टरं लावण्याचे प्रसंगही वाढलेत. शिवाय ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी आमची मुलं दरवर्षी पोस्टरं करतात, ती माझ्या टेबलावरून जातात. तेव्हा हा अभिप्राय पोस्टर या एकाच कामापुरता समजावा. लोगो, पुस्तकाची मुखपृष्ठं, लग्नपत्रिका यांसाठी इंकस्केप कसं आहे, त्यात मी पडत नाही.

आधी गणित सांगते, कारण बहुतेक मुलांना अडचण तिथेच येते आणि कोणी त्यांना ती आकड्यांत सांगत नाही. पायथनमधलं आलेख काढायचं साधन, मॅटप्लॉटलिब, काही न सांगता आलेख बनवतं तेव्हा त्याचं माप ६.४ बाय ४.८ इंच असतं आणि दर इंचाला १०० ठिपके. म्हणजे पीएनजी निघते ६४० बाय ४८० पिक्सेलची. लॅपटॉपवर ती छान दिसते. पोस्टरवर तोच आलेख ४० सेंटिमीटर रुंद लावला, की ६४० पिक्सेल पावणेसोळा इंचांवर पसरतात. इंचाला जेमतेम ४१. अक्षांवरचे आकडे पुसट होतात, तिरक्या रेघेला पायऱ्या पडतात. प्रिंटिंगवाल्यांकडे याला एक नेमका शब्द आहे: ‘इमेज फाटली.’ जेपीजी असेल तर आणखी वाईट, कारण पांढऱ्या कागदावरच्या काळ्या अक्षराभोवती तिची राखाडी धूळ उठते. आणि मुलांनी फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली असेल, तर ती आणखी दाबली जाते आणि मुळात होती तेवढीही स्पष्टता उरत नाही. निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे मी प्रत्येक बॅचला सांगते.

पीएनजी मोठी काढली तर? काढता येते, आणि छापल्यावर चांगलीही दिसते. पण अख्खं ए झिरो पोस्टर इंचाला ३०० ठिपक्यांनी चित्र म्हणून धरलं, तर ९९३३ बाय १४०४३ पिक्सेल होतात. जवळजवळ १४ कोटी. न दाबता ठेवलं तर चारशे एमबीच्या वर. ते उघडताना कॉलेजचा कॉम्प्युटर दमतो, आणि ‘क्षारता’ऐवजी ‘लवणता’ लिहायचं ठरलं तर पुन्हा कोड चालवण्यावाचून गत्यंतर नसतं. तोच आलेख व्हेक्टर म्हणून काढला तर फाइलमध्ये फक्त एवढंच असतं: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, जाडी इतकी, रंग हा. फाइल बहुधा काहीशे केबीची. पोस्टर ए फोर छापा नाहीतर भिंतभर, धार तीच.

इंकस्केप २००३ मध्ये सोडीपोडी नावाच्या प्रकल्पातून वेगळं निघालं. १.० आवृत्ती यायला २०२० उजाडलं. त्याच्या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट एकच: हे सॉफ्टवेअर आपल्या फाइली एसव्हीजीतच ठेवतं. एसव्हीजी हे व्हेक्टर चित्रांसाठीचं वेबचं खुलं मानक २००१ पासून आहे, आणि मॅटप्लॉटलिब, आर, दोघंही ते थेट लिहितात. म्हणजे आलेख आत आणताना भाषांतर होत नाही, जे लिहिलंय तेच उघडतं. फाइल उघडून ऑब्जेक्ट्सचं पॅनल पाहिलं की मॅटप्लॉटलिबने दिलेली नावंसुद्धा दिसतात, कुठला गट अक्षांचा, कुठली रेघ मोजमापांची. हवा तो भाग निवडायचा, गट सोडवायचा, बदल करायचा. एका मालिकेची सगळी टिंबं एकदम निवडायची असतील तर एक टिंब निवडून, एडिट मेनूत ‘सिलेक्ट सेम’ खाली भरण्याचा रंग निवडा. ऐन वेळी शेऱ्यातला हिरवा आणि आलेखातला हिरवा वेगळे निघाले, की या एका सोयीने माझी संध्याकाळ वाचते.

आता देवनागरीबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मराठीत पोस्टर करणाऱ्याला इंकस्केपचा खरा उपयोग इथे कळतो.

खाडीकाठच्या कोळीवाड्यांमध्ये, शाळांमध्ये, आठवडी बाजारात आम्ही जी पोस्टरं लावतो ती मराठीतच असतात. मासे धरणाऱ्या माणसाला पाणी गोडं कधी होतं हे आमच्याआधी माहीत असतं. त्याच्या अनुभवाशेजारी आमचा आलेख ठेवायचा, तर अक्षावर त्याला वाचता येईल असं लिहिलेलं हवं. मॅटप्लॉटलिबच्या ठरलेल्या फॉन्टमध्ये, म्हणजे देजावू सान्समध्ये, देवनागरी नाहीच. मराठी शीर्षक दिलं की रिकामे चौकोन येतात. फॉन्ट बदलून देवनागरी दिला तर अक्षरं येतात, पण मी वर्षानुवर्षं वापरत आलेल्या आवृत्त्या ती एकामागून एक नुसती मांडतात, जुळवत नाहीत. ‘किनारा’ची वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते. ‘क्षारता’मधला ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि शेजारी ‘ष’ असा दिसतो. विज्ञानाच्या पोस्टरवर अशी मराठी लावायची नाही, हा माझा नियम आहे. वाचणारा माणूस आलेखापर्यंत पोहोचण्याआधीच तिथे थांबतो, आणि त्याचं बरोबर असतं.

यावरची वाट अशी. मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगांत एसव्हीजीसाठी ‘फॉन्टटाइप’ नावाची एक ओळ आहे. ती मुळात ‘पाथ’ असते, म्हणजे प्रत्येक अक्षराचं चित्र काढून फाइलमध्ये ठेवलं जातं. ती ‘नन’ करा. मग फाइलमध्ये अक्षरांची चित्रं जात नाहीत, ‘क्षारता’ हा शब्द शब्द म्हणूनच जातो. ही फाइल इंकस्केपमध्ये उघडली की अक्षरं जुळवण्याचं काम इंकस्केप करतं, आणि त्यासाठी त्याच्या पोटात पँगो आणि हार्फबझ ही दोन साधनं आहेत. दोघांनाही देवनागरीचे नियम माहीत आहेत. वेलांटी जागेवर, जोडाक्षर जोडलेलं, रफार डोक्यावर. पहिल्यांदा हे स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या दिवसापासून आमच्या विभागात मराठी पोस्टरावरच्या आलेखांना इंग्रजी अक्ष देण्याचं कारण उरलं नाही.

आर वापरणाऱ्यांनी मूळच्या एसव्हीजी यंत्रणेऐवजी ‘एसव्हीजीलाइट’ हे पॅकेज घ्यावं. मूळची यंत्रणा अक्षरांचे आकार करून टाकते, एसव्हीजीलाइट शब्द शब्द म्हणून ठेवतं. मात्र त्यातली ‘फिक्स टेक्स्ट साइझ’ ही सोय बंद करा. ती चालू असेल तर प्रत्येक शब्दाची रुंदी आधीच बांधलेली येते आणि पुढे संपादनात अडचण होते.

फॉन्ट म्हणून मी मुक्ता वापरते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाने केलेला, खुला, सात जाडींमध्ये मिळणारा. त्याची मधली जाडी दोन मीटरवरून नीट वाचता येते, आणि त्यातली रोमन अक्षरं देवनागरीशेजारी परकी वाटत नाहीत. ‘पीएच’सारखी चिन्हं आणि ‘पीपीटी’ (हजारात किती भाग) अशी एककं रोमनमध्ये लिहायची असतात तेव्हा याचं महत्त्व कळतं.

मापाबद्दल. मुलं पोस्टरसाठी आलेख बनवताना मोठं माप द्यायचं म्हणून फिगसाइझमध्ये १६ बाय १२ इंच टाकतात, आणि अक्षरं मात्र मुळातल्या १० पॉइंटांची राहतात. छापल्यावर आलेख हातभर मोठा आणि त्यावरचे आकडे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीइतके बारीक. पोस्टर वाचणारा दीड-दोन मीटरवर उभा असतो. मी अक्षांवरची अक्षरं २४ पॉइंटांखाली जाऊ देत नाही.

यावर सरळ उपाय असा की आलेख मुळातल्या ६.४ इंचांतच ठेवायचा आणि इंकस्केपमध्ये मोठा करायचा. व्हेक्टर असल्यामुळे काही बिघडत नाही. पावणेसोळा इंच रुंद करायला साधारण अडीचपट वाढ लागते, त्यात १० पॉइंटांचं अक्षर साडेचोवीस पॉइंटांचं होतं, ०.८ पॉइंटांची अक्षाची रेघ दोन पॉइंटांची होते, आणि सगळ्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. हे होण्यासाठी निवडीच्या पट्टीवरचं, रेघेची जाडी आकाराबरोबर वाढवणारं बटण चालू हवं. ते बंद असेल तर आलेख वाढतो आणि रेघा केसासारख्या राहतात. उंची-रुंदीचं कुलूप लावलेलं असू द्या, नाहीतर गोल टिंबं अंडाकृती होतात, आणि चढणीचा उतारसुद्धा डोळ्याला खोटा दिसतो. आलेख एका बाजूने ताणणं हे मी संशोधनातल्या अप्रामाणिकपणाच्या शेजारी ठेवते, हेतू कितीही निर्मळ असला तरी.

जुन्या फाइली असतील तर आणखी एक गोष्ट. ०.९२ च्या आधीचं इंकस्केप इंचाला ९० एकक धरत असे, नंतरचं ९६ धरतं. जुनी फाइल उघडताना ते मापाबद्दल विचारतं, तो प्रश्न वाचून मगच उत्तर द्या. आणि मॅटप्लॉटलिबमध्ये ‘बीबॉक्स’ला ‘टाइट’ दिलंत तर ते कडेची रिकामी जागा कापतं, त्यामुळे तुम्ही सांगितलेलं माप बदलतं. दोन आलेख शेजारी शेजारी एकाच उंचीचे लावायचे असतील तर ते देऊ नका.

खाडीतली आमची उपकरणं दर दहा मिनिटांनी नोंद घेतात. वर्षाची टिंबं होतात ५२,५६०. एवढी टिंबं प्रत्येकी वेगळा आकार म्हणून व्हेक्टरमध्ये गेली, की इंकस्केप जड होतं. निवडायला, सरकवायला, सेव्ह करायला वेळ लागतो, आणि दुकानातलं मशिनही फाइल पचवायला रेंगाळतं. इथे अट्टहास करू नये. मॅटप्लॉटलिबमध्ये फक्त टिंबांना ‘रास्टराइझ्ड’ची खूण देता येते. मग टिंबांचा थर तेवढा चित्र म्हणून जातो, अक्ष, आकडे आणि सरासरीची रेघ व्हेक्टरच राहतात. त्या थराची बारकाई सेव्ह करतानाच्या डीपीआयने, म्हणजे दर इंचाला किती ठिपके यावरून, ठरते. नंतर अडीचपट मोठं करणार असाल तर तो आकडाही त्या हिशेबाने चढवा: छापताना ३०० हवे असतील तर सेव्ह करताना ७५०. आरमध्ये हेच काम ‘जीजीरास्टर’ करतं. रंगीत चौकटींच्या नकाशालाही हाच उपाय, कारण शेजारशेजारच्या व्हेक्टर चौकटींमध्ये पडद्यावर पांढऱ्या केसासारख्या फटी दिसतात.

सहकाऱ्याकडून फक्त पीडीएफ आली तर? इंकस्केप ती उघडतं, पण इथे मी त्याला पूर्ण गुण देत नाही. उघडताना दोन पर्याय येतात. इंकस्केपचा स्वतःचा मार्ग अक्षरं अक्षरं म्हणून आणायचा प्रयत्न करतो, पण तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर शब्द हलतात. पॉपलर या पीडीएफ वाचणाऱ्या साधनाचा मार्ग सगळं हुबेहूब आणतो, पण अक्षरांचे आकार करून. दुरुस्ती करायची असेल तर पहिला, जसंच्या तसं लावायचं असेल तर दुसरा. पाठवणाऱ्याने मॅटप्लॉटलिबमध्ये पीडीएफचा फॉन्टटाइप ३ ऐवजी ४२ ठेवला असेल तर पहिला मार्ग बराच सुखाचा होतो. ईपीएस या जुन्या छपाईच्या फाइलप्रकारात मागू नका. मॅटप्लॉटलिबच्या ईपीएसमध्ये पारदर्शकता राहत नाही, सरासरीभोवतीची फिकट पट्टी ठार भरीव होऊन येते आणि तिच्याखालची रेघ झाकते. मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना २०२० पासून ‘एक्स्पोर्टग्राफिक्स’ ही आज्ञा आहे. त्यात ‘कंटेंटटाइप’ला ‘व्हेक्टर’ असं स्पष्ट सांगायला हवं. ते मशिनवर सोडलं तर गुंतागुंतीच्या आलेखाचं ते चित्र करून टाकू शकतं.

आता दुकानाकडे. बोरा बाजाराच्या आसपास किंवा दादरला कुठल्याही प्रिंटिंगवाल्याकडे गेलात तरी समोरच्या कॉम्प्युटरवर बहुधा कोरलड्रॉ हे चित्रांचं सॉफ्टवेअर असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, कर्व्ह केलंय ना?” म्हणजे अक्षरांचे आकार केलेत ना, फॉन्ट माझ्याकडे नसेल तर मी जबाबदार नाही. प्रश्न रास्त आहे. पीडीएफ कोरलमध्ये उघडली आणि मुक्ता तिथे नसला, की इतकी जपलेली जोडाक्षरं पुन्हा सुटतात. इंकस्केपमध्ये पीडीएफ सेव्ह करतानाच्या चौकटीत ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स’ असा पर्याय आहे. तो निवडला की सगळं ‘कर्व्ह’ होतं, आणि मूळ एसव्हीजीतली अक्षरं मात्र अक्षरंच राहतात, कारण बदल फक्त पीडीएफपुरता होतो. ईमेलने पाठवायची प्रत वेगळी काढा, फॉन्ट आत बसवलेली, म्हणजे कोणाला त्यात शब्द शोधता येतो.

माझा नेहमीचा प्रिंटिंगवाला फोर्टातला आहे. मराठी माणूस, प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या कागदाच्या छपाईयंत्रावर, बरीच वर्षं घालवलेला. पीडीएफ आली की तो आधी ती सोळाशे टक्क्यांवर नेतो आणि अक्षाचा एक आकडा पाहतो. कड स्वच्छ दिसली की म्हणतो, “ही नाही फाटायची. शंभर टक्के साइझला लावतो.” हा तपास तुम्ही घरीच करून जा. आणि ‘शंभर टक्के’ हे शब्द आपण होऊन सांगा. ‘फिट टू पेज’ राहिलं की सगळी मापं दोन-चार टक्क्यांनी खाली येतात. ए झिरोची रुंदी ८४१ मिलिमीटर, म्हणजे ३६ इंचांच्या रोलवर आरामात बसते. क्षेत्रफळ एक चौरस मीटर, दुकानाच्या हिशेबात पावणेअकरा स्क्वेअर फूट, आणि दर स्क्वेअर फुटावरच असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पोस्टर घेऊन लोकलने जायचं असेल तर साध्या कागदाऐवजी व्हिनाइल घ्या किंवा मॅट लॅमिनेशन करून घ्या. पाण्यावर आधारलेली शाई साध्या कागदावर एका सरीत पसरते. ग्लॉसी नको, सभागृहातले दिवे नेमके आलेखावर चमकतात.

रंगांबाबत इंकस्केपची खरी उणीव आहे, ती सांगितलीच पाहिजे. त्याची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या हिशेबात, निघते. छपाईच्या चार शाईंचा हिशेब, म्हणजे सीएमवायके, ते पीडीएफमध्ये लिहून देत नाही. मोठ्या इंकजेट प्लॉटरवर हे चालून जातं, मशिनचं सॉफ्टवेअर स्वतः रंग फिरवून घेतं. पण पडद्यावरचा शुद्ध निळा कागदावर जांभळट होतो, आणि झगमगता हिरवा मळतो. म्हणून आलेखात असे टोकाचे रंग मी टाळते. मॅटप्लॉटलिबची २०१७ पासूनची ठरलेली रंगपट्टी, व्हिरिडिस, छपाईत बऱ्यापैकी टिकते आणि काळी-पांढरी झेरॉक्स काढली तरी फिकटाकडून गडदाकडचा क्रम कळतो. ऑफसेटवर पुस्तिका छापायची असेल आणि प्रेसने सीएमवायकेच मागितलं, तर आलेख इंकस्केपमध्ये पूर्ण करून स्क्रायबस या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि तिथून पीडीएफ काढा. तेही फुकटच आहे.

पूर्ण पोस्टर छापण्याआधी त्यातला एक आलेख खऱ्या मापात ए फोर कागदांवर तुकड्यांनी छापून भिंतीला चिकटवा आणि दोन मीटर मागे जाऊन वाचा. पीडीएफ रीडरच्या छपाईत ‘पोस्टर’ नावाचा पर्याय त्यासाठीच आहे. पडद्यावर कितीही मोठं केलं तरी हा अंदाज येत नाही.

मजकुराच्या बाबतीत इंकस्केप कमी पडतं. लांब परिच्छेद, संदर्भांची यादी, तक्ते, यांना त्यात फार हात लावावा लागतो. पोस्टरवर मजकूर जास्त असेल तर मजकूर आणि मांडणी लिबरऑफिसमध्ये करावी आणि आलेख इंकस्केपमधून एसव्हीजी म्हणून आणावेत. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्याही एसव्हीजी घेतात, आणि पानाचं माप ५६ इंचांपर्यंत देता येत असल्यामुळे ए झिरो त्यात बसतं. ज्यांना पॉवरपॉइंटच येतं त्यांनी इंकस्केपचा वापर फक्त आलेख दुरुस्त करण्यापुरता केला तरी पुष्कळ फायदा होतो. फोटो घालाल तिथे मात्र चित्रं दाबून लहान करण्याची सोय बंद असल्याची खात्री करून घ्या. आणि इंकस्केपमध्ये सावल्या, धूसर कडा वापरू नका. पीडीएफ काढताना त्या चित्रात बदलतात, आणि आलेखाला त्यांची गरजही नसते.

अडोबीचं इलस्ट्रेटर याहून चांगलं आहे का? रंगांच्या हिशेबात आणि मोठ्या फाइलींच्या वेगात, हो. पण ते वर्गणी भरून घ्यावं लागतं, आणि आमच्या कॉलेजात पोस्टर करणारी मुलं अंबरनाथ, विरार, पनवेलहून येतात, त्यांच्यापैकी कित्येकांकडे घरात एकच जुना लॅपटॉप असतो. मी त्यांना जे शिकवते ते डिग्री संपल्यावरही, पैसे न भरता, त्यांच्या हातात राहिलं पाहिजे. या एका निकषावर इंकस्केपला पर्याय नाही. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने गेल्या खेपेस गाळातल्या किड्यांवरचं पोस्टर सगळं इंकस्केपमध्ये केलं. परीक्षकांपैकी एक बाई चष्मा काढून, कागदाला नाक लावून, तिच्या आलेखातल्या त्रुटिरेषा (एरर बार) पाहत होत्या. “हे कशात केलंस गं?” त्यांनी विचारलं. मुलीने नाव सांगितलं आणि त्यांनी ते तिथेच लिहून घेतलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण सीएमवायकेसाठी आणि पीडीएफ आत घेतानाच्या ओढाताणीसाठी राखून ठेवला आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. कॉलेजच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर बसवायची परवानगी नसेल तर विंडोजसाठी इंकस्केपच्या संकेतस्थळावर दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) संचाच्या रूपातही ते मिळतं. तो पेनड्राइव्हवर उलगडला की तिथूनच चालू होतो. मुक्ताच्या फाइलीही त्याच पेनड्राइव्हवर ठेवा, आणि लॅबच्या त्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आधीपासून आहे का ते काम सुरू करण्याआधी बघा.